पाण्याची पत्रपेटी : रस्त्यावरचं मीठ जातं कुठे?

पारोळ्याच्या एका सासूबाईंचं पत्र गेल्या अंकात छापलं, पण जागा संपल्यामुळे उत्तर राहून गेलं. तेवढ्यात त्या पत्रावरच आणखी चार पत्रं आली. एक तर चक्क भांडायला आलं आहे, धुळ्याहून. म्हणून या वेळी सगळा मिठाचाच कारभार. एवीतेवी निवृत्तीनंतर अमळनेरात बसून मला दुसरं काम नाही. नोकरीची सगळी वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात गेली, आणि त्यातला मोठा भाग क्लोराईड, म्हणजे मिठातला एक घटक, मोजण्यात.

प्रश्न : मुलगा-सून अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतात. गेला हिवाळा आम्ही दोघं तिकडेच होतो. बर्फ पडलं की पहाटे मोठी गाडी रस्त्यावर मीठ टाकून जायची. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय घसरला तर काय घ्या, म्हणून मीही दारातल्या पायऱ्यांवर रोज दोन वाट्या मीठ टाकायचे. सून म्हणाली, "आई, एवढं नका टाकू, इथली तळी खारट व्हायला लागलीत." मी गप्प बसले, पण पटलं नाही. एवढाल्या तळ्यांना माझ्या दोन वाट्यांनी काय होणार आहे?
— एक सासू, पारोळा

उत्तर : सासूबाई, सून बरोबर बोलली. हे वाक्य तिला फोनवर वाचून दाखवलंत तर पुढच्या हिवाळ्यात तुमचा पाहुणचार वाढेल.

आधी हिशेब करू. गोड्या पाण्यातल्या जिवांना दीर्घकाळ सोसेल अशी क्लोराईडची मर्यादा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९८८ साली ठरवली, ती लिटरला २३० मिलिग्रॅम. कॅनडाची याहून कडक आहे, १२०. मिठाच्या वजनात साठ टक्के क्लोराईड असतं. म्हणजे वीस लिटरच्या जारमध्ये साडेसात ग्रॅम मीठ विरघळलं, चहाचा सव्वा चमचा, की २३० चा आकडा गाठला. तुमच्या दोन वाट्या मिळून चारशे ग्रॅम धरल्या तर गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्या मर्यादेला पोचली. एका सकाळी, एका दारात. आता गल्लीतली घरं मोजा, मॉलची पार्किंगं मोजा, शाळा, दवाखाने, आणि मग ते सगळे हमरस्ते. अमेरिकेत रस्त्यांवर वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ पडतं.

बरं, पडलं तर पडलं, पुढे त्याचं काय होतं? खरी गोम इथे आहे. प्रयोगशाळेत आमच्याकडे नाना दोषांचं पाणी यायचं, आणि बहुतेकांना काही ना काही उतारा होता. जंतू असले तर क्लोरीन. लोह असलं तर हवा खेळवा, गंज खाली बसतो. नायट्रेट झाडं ओढून घेतात, काही जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात. क्लोराईडला यातलं काहीच लागू नाही. ते मातीला चिकटत नाही, गाळ होऊन तळाला बसत नाही, उडून जात नाही, आणि झाडं नावापुरतं घेतात. पाणी उकळलं तर उलट वाढतं, कारण वाफ निघून जाते आणि मीठ भांड्यात राहतं. आरओ यंत्रानं निघतं म्हणा, पण ते काढलेलं खारं पाणी तरी कुठे ओतणार? आणि तळ्याला काही आरओ बसवता येत नाही.

तुमच्या मुलाच्या गावात पायरीवरचं बर्फ वितळलं की ते पाणी रस्त्याकडेच्या गटारात जातं. ही पावसाळी गटारं असतात, सांडपाण्याची नव्हेत. त्यांतलं पाणी कुठल्याही शुद्धीकरणातून न जाता थेट ओढ्यात नाहीतर तळ्यात उतरतं. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांचा अभ्यास झाला आहे. तिथे टाकलेल्या मिठातलं दोन-तृतीयांशाहून जास्त त्याच परिसरातल्या माती-तळ्यांत आणि भूजलात साठून राहतं, नदीवाटे बाहेर जात नाही. तळ्यात गेल्यावर खारं पाणी जड म्हणून तळाशी बसतं. वसंतात वरचं-खालचं पाणी एकमेकांत मिसळून तळाला प्राणवायू मिळायला हवा, तो मग नीट मिळत नाही. मासे लगेच मरत नाहीत. आधी जातात ते माशांचं खाणं असलेले बारीक पाणकिडे, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता तुमच्या यजमानांच्या गुडघ्याकडे येऊ, कारण तेही महत्त्वाचंच. बर्फ पडल्यावर पहिलं हत्यार फावडं, मीठ नव्हे. भुसभुशीत आहे तोवर, पायांनी तुडवून घट्ट व्हायच्या आत, मुलाला काढायला लावा. (तो ऑफिसचं कारण सांगेल, ऐकू नका.) मग जो पातळ चिवट थर उरेल त्यावरच मीठ. वाटीनं ओतायचं नाही, खडे दोन-तीन इंचांवर एक असे विरळ पसरायचे. तिथले लोक कॉफीच्या मगाचं माप सांगतात: एक मग मीठ गाडी आत घ्यायच्या वीस फूट वाटेला, किंवा फुटपाथच्या दहा चौकोनांना. तुमच्या चार पायऱ्यांना मूठभर फार झालं. आणि दुपारी वाट कोरडी झाल्यावर जे खडे नुसते पडलेले दिसतात, ते कामाला आलेलेच नाहीत. झाडून डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी होतील.

सगळ्यात मोठी गोष्ट तापमानाची. उणे १ अंशाला एक किलो मीठ सेहेचाळीस किलो बर्फ वितळवू शकतं. उणे ७ ला तेच किलो साडेआठ किलोवर येतं. उणे ९-१० च्या खाली साधं मीठ इतकं हळू काम करतं की टाकून उपयोग नाही. मिनेसोटात उणे वीसच्या रात्री काही नवलाच्या नाहीत. त्या सकाळी तुम्ही दोन वाट्यांच्या जागी दहा ओतल्यात तरी पाय घसरायचा तो घसरणारच. अशा दिवशी रेती टाका. रेती बर्फ वितळवत नाही, पण पाय धरते. आणि बुटांखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, ते यजमानांना घेऊन द्या. बिबड्या आणि मसाल्यांच्या पिशव्या न्यायला बॅगेत जागा होते, तर येताना पट्टे आणायलाही होईल. आपल्याकडे उपयोग नाही, पण पुढच्या खेपेला लागतील.

प्रश्न : मी एसटीत ड्रायव्हर होतो. तो पारोळ्याच्या ताईंचा प्रश्न वाचला, आणि त्यांच्या सुनेचं बोलणं काही पटलं नाही. तळं मोठं की माणूस? चाळीसगावहून कन्नडला चढताना औट्रम घाटात पहिल्या पावसात गाडी कशी सरकते ते मला विचारा. तिकडे अमेरिकेत तर बर्फानं रस्त्याची काच झालेली असते म्हणतात. मीठ टाकून माणूस वाचत असेल तर टाका की हवं तेवढं! तुम्ही पाण्यावाले लोक पाण्यापुरतंच बघता.
— एक जुना स्टेअरिंगवाला, धुळे

उत्तर : आप्पा, माणूस मोठा. यावर माझं-तुमचं भांडण नाही. मिठानं अपघात कमी होतात ही खरी गोष्ट आहे, म्हणून तर अमेरिकेत १९४० च्या आसपासपासून ते वापरात आहे. तुम्ही म्हणता तसं "हवं तेवढं" टाकावंच. वाद एवढाच की हवं तेवढं म्हणजे किती.

घाटाचंच उदाहरण घ्या. पहिल्या पावसात रस्त्यावरचं सांडलेलं तेल आणि धूळ ओली होते तेव्हा तो सगळ्यात निसरडा. नंतर जोराच्या सरींनी धुऊन निघाला की त्यामानानं बरा. तुम्ही तिथे काय करायचात? वेग कमी, खालचा गिअर, पुढच्या गाडीपासून लांब. बर्फाळ देशातही निम्मी लढाई हीच आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतानं २००८ पासून हिवाळ्यात सगळ्या मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे केले. त्या टायरचं रबर थंडीत कडक होत नाही आणि नक्षी खोल असते. टायर चांगले असले की मिठावरचा भार आपोआप कमी होतो. पण टायरचा खर्च गाडीवाल्याच्या खिशातून आणि मिठाचा सरकारच्या, म्हणून लोकांना मीठ आवडतं. आपल्याकडेही काही वेगळं झालं नसतं.

आता मिठाच्या गाडीवर या, हे तुम्हाला आवडेल. जुनी पद्धत अशी: बर्फ पडून, तुडवलं जाऊन रस्त्याला चिकटलं की वरून कोरडं खडेमीठ फेकायचं. गाडी वेगात असली की खडे उड्या मारत कडेच्या खड्ड्यात जातात. रस्त्याला उपयोग शून्य, खड्ड्याच्या पाण्याला त्रास पूर्ण. हुशार खाती आता तीन गोष्टी वेगळ्या करतात. एक, बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर मिठाचं पाणी पट्ट्यापट्ट्यांनी शिंपडतात. ते २३.३ टक्क्यांचं ठेवतात, कारण त्या प्रमाणात मिठाचं पाणी सगळ्यात उशिरा, उणे २१ अंशाला गोठतं. हा थर आधी असला की बर्फ डांबराला चिकटतच नाही, गाडीला पुढे लावलेला फाळ ते सहज खरवडून नेतो. आधी थोडं टाकलेलं नंतरच्या पुष्कळाचं काम करतं. पण आधी पाऊस येऊन मग बर्फ होणार असेल तर हे शिंपडणं फुकट जातं, सगळं धुऊन जातं, म्हणून अंदाज बघूनच करावं लागतं. दुसरं, कोरडं मीठ टाकायचंच झालं तर गाडीतून पडतापडता ते ओलं करतात. ओला खडा उडत नाही, जागेवर बसतो आणि लगेच कामाला लागतो. तिसरं, हवेचं नाही तर रस्त्याचं तापमान बघतात. गाडीखाली किरणांनी तापमान मोजणारं यंत्र असतं. हवा शून्यावर असली तरी पुलाचा रस्ता उणे चार असू शकतो, पुलाला खालून जमिनीची ऊब नसते ना. हे तुम्हाला सांगायची गरज नाही म्हणा.

याशिवाय साधी कामं आहेत, पण तीच राहतात. मीठ पसरणारं यंत्र दरवर्षी मापून बघायचं की एका किलोमीटरला खरंच किती पडतं आहे. मिठाचा ढीग छपराखाली, पक्क्या फरशीवर ठेवायचा. उघड्यावरचा ढीग पावसात झिरपून शेजारच्या विहिरी खारट करतो, आणि त्यात रस्ता तर एक फूटही सुरक्षित झालेला नसतो.

पण "टाका हवं तेवढं" हा तुमचा विचार एका ठिकाणी अक्षरशः चालतो: दुकानांच्या आणि कंपन्यांच्या पार्किंगमध्ये. तिथे मीठ टाकणारा खासगी ठेकेदार असतो. कुणी घसरून पडलं तर खटला त्याच्यावर, जास्त मीठ टाकलं म्हणून मात्र त्याला कुणी काही बोलत नाही. मग तो काय करील? पांढरं फटक होईतो ओतेल. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यानं २०१३ मध्ये याची गाठ सोडवली. ठेकेदारानं प्रशिक्षण घ्यायचं, परवाना काढायचा, किती मीठ टाकलं याची नोंद ठेवायची. एवढं केलं की निव्वळ बर्फावरून घसरल्याच्या दाव्यांपासून त्याला कायद्याचं संरक्षण. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वांत शहाणा आहे, कारण यात कुणाला तळ्यावर प्रेम करायला सांगितलेलं नाही. जास्त ओतण्यामागची भीतीच काढून घेतली आहे.

रस्त्यावर मिठाच्या जोडीला बिटाचा रस टाकतात, चीजच्या कारखान्यातलं खारं पाणी टाकतात अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. खऱ्या आहेत. विस्कॉन्सिन राज्यातल्या पोक काउंटीत चीजचं पाणी वापरलं जातं. बिटाचा रस मिसळला की मीठ रस्त्याला चिकटून राहतं. पण हे सगळं ओढ्यात गेल्यावर तिथे सडतं आणि सडताना पाण्यातला प्राणवायू खातं. कॅल्शियम क्लोराईड जास्त थंडीत चालतं खरं, पण नावातच क्लोराईड आहे. फुकटात सुटका कुणाचीच नाही.

आणि पाण्यावाले लोक पाण्यापुरतंच बघतात म्हणालात, तर पाणी माणसालाच लागतं हो. अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पैसे वाचवायला नळाचं पाणी फ्लिंट नदीवरून घ्यायला सुरुवात केली. नदीत क्लोराईड जास्त, त्याचं एक कारण रस्त्यांवरचं मीठ. शुद्धीकरणात फेरिक क्लोराईड वापरलं, त्यानं आणखी वाढलं. वर पाइप गंजू नयेत म्हणून जे रसायन घालतात ते घातलंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यानं ते पाणी घेणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजायला लागले. कारखान्यानं पाणी बदललं. लोक मात्र तेच पाणी पुढचं वर्षभर पीत राहिले, आणि जुन्या पाइपांमधलं शिसं घराघरांत उतरलं. मुख्य दोष मिठाचा नव्हे, कारभाराचा. पण खारं पाणी कारभाराची चूक पोटात घालत नाही.

जाता जाता एक गंमत. हे मीठ येतं कुठून? कॅनडातल्या गोडेरिच गावची खाण ह्यूरन सरोवराच्या तळाखाली आहे, क्लीव्हलँडची ईरी सरोवराखाली. गोड्या पाण्याखाली जे कोट्यवधी वर्षं गाडलेलं होतं ते वर काढून, रस्त्यावर टाकून, त्याच सरोवरांत सोडायचं. बर्फ नसलेल्या आपल्यासारख्यांना हसायला सोपं आहे.

प्रश्न : आमच्या गावाचा रस्ता क्रशरच्या डंपरांनी उखडून गेला आहे. उन्हाळ्यात धुळीनं केळीची पानं पांढरी होतात, शाळेतली पोरं खोकतात. एक विक्रेता म्हणतो मॅग्नेशियम क्लोराईड टाका, धूळ महिनाभर उठणार नाही, परदेशात सगळे हेच टाकतात. गावाची नळयोजनेची विहीर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. टाकावं का?
— एक सरपंच, यावल तालुका

उत्तर : सरपंच भाऊ, विक्रेता खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो आहे. परदेशात कच्च्या रस्त्यांवर टाकतात, दिल्लीतही धुळीसाठी वापरून झालं आहे. गुजरातेत खाराघोड्याकडे मिठागरांच्या पाण्यातून हे तयार होतं, म्हणून आपल्याला वाहतूकही फार पडत नाही.

पण ते धूळ दाबतं कसं ते समजून घ्या. हा पदार्थ, मिठाचाच भाऊ, हवेतला दमटपणा ओढून स्वतः ओला होतो आणि धुळीला ओलं ठेवतो. त्यासाठी हवेतली आर्द्रता साधारण ३३ टक्क्यांच्या वर लागते. आता एप्रिल-मेची आपली दुपार आठवा. पारा ४४-४५ वर, आणि हवा अशी की ओला टॉवेल वाळत घालून मागे वळेपर्यंत कडक. आर्द्रता ३३ च्या कितीतरी खाली. रात्री पदार्थ थोडी ओल धरील आणि दुपारी, डंपर सुरू असताना, सोडून देईल. ज्या महिन्यांत तुम्हाला धुळीचा त्रास, नेमका त्याच महिन्यांत तो कामचुकार. दमट किनाऱ्यावरचा किंवा थंड प्रदेशातला अनुभव इथे उचलून आणून चालत नाही.

मग जूनचा पहिला पाऊस येतो आणि सगळं धुऊन नेतो. कुठे? तुमचा भाग सातपुड्याच्या पायथ्याचा, गोट्या-वाळूचा. आमच्या भूजलवाल्यांच्या भाषेत बझाडा. इथे पाणी जमिनीत झपाट्यानं मुरतं, तापीखोऱ्याच्या भूजलाचं भरण मोठ्या प्रमाणात इथूनच होतं. यावल-रावेरमध्ये भूजलाचा उपसा आधीच भरणापेक्षा जास्त आहे, म्हणून तर पुनर्भरणाच्या योजना इथे आखल्या जातात. जिथे पाणी मुरावं म्हणून धडपड चालली आहे तिथेच वरून क्लोराईड टाकायचं? ते त्याच पाण्यासोबत, तेवढ्याच वेगानं खाली जाईल. मॅग्नेशियम क्लोराईडच्या एक टन खड्यांत जवळजवळ ३५० किलो क्लोराईड असतं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्लोराईडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत सवलत. त्या २५० च्या मापानं एक टन खडे चौदा लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणतात. शिवाय केळी मीठ सोसणारं पीक नाही, पानांच्या कडा करपतात. केळीला आपण म्युरेट ऑफ पोटॅश देतो, तेही पोटॅशियम क्लोराईडच, म्हणजे शेतात क्लोराईड आधीच जातं आहे. त्यात रस्त्याची भर नको.

मी तुमच्या जागी असते तर हे पैसे पाण्याच्या टँकरला, मुरमाला आणि रोलरला लावले असते. गावाजवळचा अर्धा किलोमीटर नीट दाबून घ्या, डंपरवर ताडपत्री सक्तीची करा, आणि शाळेपुढे दोन गतिरोधक. वेग कमी झाला की धूळही बरीच कमी होते. हे सगळं क्रशरवाल्याच्या खर्चानं व्हावं असा ठराव ग्रामसभेत मांडा. रस्ता त्यानं उखडला आहे, विहीर तुमची आहे.

एवढं सांगूनही कुणी हट्टानं टाकलंच, तर टाकण्याच्या आधी आणि पावसाळ्यानंतर विहिरीचं क्लोराईड तपासून घ्या. आधीचा आकडा हातात नसेल तर नंतर भांडता येत नाही. ही तपासणी महाग नाही. पिवळं सूचक रसायन घातलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालत जायचं, पाणी विटकरी झालं की थांबायचं. माझं अर्धं आयुष्य त्या विटकरी रंगाची वाट बघण्यात गेलं.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटला बोअरचं पाणी जड आहे म्हणून सॉफ्टनर बसवला. आठवड्याला मिठाचं एक २५ किलोचं पोतं लागतं. तो मिठाच्या पाण्यानं धुतल्यावरचं खारं पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडतो, त्यानं बोअरला पाणी वाढेल असं कमिटीचं म्हणणं आहे. ठीक आहे ना?
— सोसायटी सेक्रेटरी, जळगाव

उत्तर : नाही. खड्डा आजच बंद करा. एका पोत्यातलं क्लोराईड साठ हजार लिटर पाण्याला २५० च्या मर्यादेपर्यंत नेतं. सॉफ्टनर मीठ खाऊन संपवत नाही. त्यातला सोडियम तुमच्या नळात येतो आणि क्लोराईड पूर्णच्या पूर्ण खड्ड्यात जातं. तिथून बोअरमध्ये. म्हणजे बोअरला पाणी वाढेल हे बरोबर, कसलं वाढेल ते कमिटीनं विचारलेलं दिसत नाही. मिनेसोटातल्या ज्या गावांत रस्ते थोडे आणि बोअर पुष्कळ, तिथेही क्लोराईडचं मोठं कारण हे सॉफ्टनरच निघालं आहे.

यंत्र ठरलेल्या दिवशी धुतलं जातंय की पाण्याच्या वापराप्रमाणे, ते बघा. ठरावीक दिवशी आपोआप धुणारं यंत्र सुट्टीत घरं रिकामी असली तरी मीठ घेतं. पाण्याच्या मोजणीवर चालणारं बसवा. बागेला, संडासाला, गाड्या धुवायला जड पाणीच द्या, त्यांना काही फरक पडत नाही. आणि प्यायला, विशेषतः रक्तदाबाच्या माणसांना, सॉफ्टनरचं पाणी देऊ नका.

प्रश्न : मी नववीत आहे. कुल्फीवाले काका बर्फात मीठ घालतात, त्यानं कुल्फी गोठते. मासिकात लिहिलं आहे की मीठ घातल्यावर रस्त्यावरचं बर्फ वितळतं. मीठ गोठवतं की वितळवतं?
— एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : शाब्बास रे! या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न. दोन्हीकडे एकच गोष्ट घडते. मिठामुळे बर्फ वितळतं. वितळायला उष्णता लागते, एका ग्रॅमला ३३४ जूल. कुल्फीच्या मडक्यात बाहेरून उष्णता पुरेशी येत नाही, म्हणून वितळणारं बर्फ ती कुल्फीच्या साच्यांतून ओढून घेतं आणि कुल्फी गोठते. तीन भाग बर्फ आणि एक भाग मीठ घेतलं तर मिश्रण उणे २१ पर्यंत उतरू शकतं. रस्त्यावर मात्र ऊन असतं, जमीन असते, गाड्यांचे टायर असतात, उष्णता सगळीकडून येत राहते. म्हणून तिथे नुसतं वितळलेलं दिसतं. आणि जेव्हा कुठूनच उष्णता येत नाही, कडाक्याच्या रात्री, तेव्हा मीठ हतबल होतं. सासूबाईंना वर हेच सांगितलं.

शाळेत करून बघ, पण शाळेतला थर्मामीटर बहुधा उणे दहाच्या खाली दाखवत नाही, तेव्हा मीठ थोडं थोडं घाल आणि सरांना जवळ उभं कर. मिश्रणात बोट घालू नकोस, भाजल्यासारखी जखम होते. प्रयोग झाल्यावर ते पाणी शाळेच्या झाडांना घालू नका, एवढं सरांना सांग.

वाचकांना एक विनंती : पाण्याचा अहवाल पाठवताना पूर्ण पान पाठवा, एककासहित. "टीडीएस फार आहे, काय करू?" अशी पत्रं खूप येतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे क्षार मिळून; त्यात क्लोराईड किती, नायट्रेट किती, पाणी विहिरीचं की बोअरचं आणि नमुना कोणत्या महिन्यातला, एवढं कळल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. पुढच्या अंकात फ्लोराईडची पत्रं घेईन, ती बरीच तुंबली आहेत.